पाचशे एक अधिक दोनशे एक्कावन्न बरोबर पाच लाख? पायथन शिकताना नेमकं कुठे अडतं

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाचीचा फोन. "मामा, आपलं मंडळ एकदम श्रीमंत झालंय." म्हणलं काय झालं, तर म्हणे पायथनमध्ये, म्हणजे ती शिकतेय त्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, दोन पावत्यांची बेरीज करून बघितली, एक ५०१ ची, दुसरी २५१ ची, आणि उत्तर आलं ५०१२५१. पाच लाख एक हजार दोनशे एक्कावन्न! मी मंडळाचा खजिनदार, गणपतीनंतर वर्गणीचा हिशोब जुळवताना माझं काय होतं ते घरात सगळ्यांना माहितीये, त्यामुळे क्षणभर आकडा ऐकून बरं वाटलं हे खोटं नाही.

हे काम मीच तिला दिलेलं. ती कॉलेजातून नुकतीच पायथन शिकायला लागलेली, व्हिडिओ बघत होती, नंबर ओळखायचा खेळ वगैरे बनवून झाला होता, पण तिला स्वतःला काही येतंय असं वाटत नव्हतं. मी म्हणलं ते खेळ बाजूला ठेव, आपल्या वर्गणीच्या यादीची बेरीज करून दे. कारण त्याचं बरोबर उत्तर आपल्या वहीत हाताने लिहिलेलं आहे, स्क्रिप्टचं, म्हणजे पायथनमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामचं, उत्तर आणि वहीचं उत्तर जुळलं की झालं, नाही जुळलं तर कुठेतरी चुकलंय. नवीन माणसाला असंच काम पाहिजे, ज्याचं उत्तर आधीपासून माहिती आहे. दुधाचा हिशोब घ्या, भिशी घ्या, लाइटबिल घ्या, काहीही चालेल.

तर हा लेख त्या एका स्क्रिप्टचा आहे, आणि ती लिहिताना आलेल्या एररचा. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, खाली मी कोड पण देवनागरीतच लिहिलाय, उच्चाराप्रमाणे, म्हणजे वाचताना जीभ अडखळत नाही. मशीनवर टाइप करताना प्रिंट, इनपुट, इंट, फॉर, इफ हे पायथनचे स्वतःचे शब्द इंग्रजीतच टाकायचे, आणि आकडे पण इंग्रजी. पण गंमत म्हणजे आपण ठेवलेली नावं, म्हणजे रक्कम, एकूण, ओळ वगैरे, ही खरोखर मराठीत ठेवली तरी पायथन ३ ला चालतात. करून बघा. ऑफिसच्या कामात नका करू, बाकीचे लोक शिव्या देतील.

आता ते पाच लाखांचं प्रकरण. तिने लिहिलेलं असं होतं:

पहिली = इनपुट("पहिली पावती: ")
दुसरी = इनपुट("दुसरी पावती: ")
प्रिंट(पहिली + दुसरी)

वरवर बघितलं तर काहीच चूक नाही. पण इनपुट जे काही कीबोर्डवरून घेतो ते कायम अक्षरं म्हणून घेतो, तुम्ही ५०१ टाकलं तरी त्याच्या दृष्टीने ती पाच, शून्य, एक अशी तीन चिन्हं, जशी पाटीवर लिहिलेली असतात तशी. आणि दोन पाट्यांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की पायथन त्या शेजारीशेजारी ठेवतो. "राम" अधिक "राव" बरोबर "रामराव", तसंच "५०१" अधिक "२५१" बरोबर "५०१२५१". त्याने काही चूक केलेली नाही, त्याला जे सांगितलं ते केलं. अक्षरांच्या या प्रकाराला स्ट्रिंग म्हणतात आणि खऱ्या आकड्याला इंटिजर, आणि एकाचं दुसरं करायचं तर तसं तोंडाने सांगावं लागतं:

पहिली = इंट(इनपुट("पहिली पावती: "))

दोन्ही ओळींना इंट लावलं की उत्तर ७५२. इथे अजून एक मजा, इंटला तुम्ही कोट्समध्ये देवनागरी "५०१" दिलंत तरी तो त्याचा आकडा करून देतो. पण कोड लिहिताना कोट्स न लावता नुसतं देवनागरी ५०१ लिहिलंत तर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमाची चूक. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि अर्धा तास गेला असं माझंही झालंय.

बरं, स्क्रिप्टिंग भाषा म्हणजे नेमकं काय, हे थोडक्यात. सी सारख्या भाषेत तुम्ही लिहिलेलं सगळं आधी कंपायलर नावाच्या प्रोग्रामला द्यायचं, तो त्याची मशीनला कळेल अशी फाइल बनवतो, मग ती चालवायची. पायथनमध्ये तो मधला टप्पा तुम्हाला दिसत नाही, लिहिलं की चालवलं, ओळीमागून ओळ. म्हणून रोजची बारीकसारीक कामं, फायलींची नावं बदलणं, याद्या जुळवणं, बेरजा मारणं, याला ही भाषा बरी पडते. गिडो व्हॅन रॉसम या डच माणसाने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ॲमस्टरडॅमला बसून ही लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये लोकांसमोर ठेवली, नाव अजगरावरून नाही तर एका ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेवरून. हे परीक्षेत विचारत नाहीत, पण माहिती असावं. परीक्षेबाहेर जे कामाचं आहे ते वेगळंच: पायथन २ आणि पायथन ३ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरमध्ये आली आणि दुसरीचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला बंद झाला. तरी जुने लेख, जुनी पुस्तकं, जुने क्लासचे झेरॉक्स नोट्स अजून फिरतायत. त्यात प्रिंटच्या पुढे कंस नसेल तर समजायचं हा माल शिळा आहे, बाजूला ठेवायचं.

इन्स्टॉल करताना विंडोजवर एक टिक असते, पहिल्याच खिडकीत खालच्या बाजूला, ॲड पायथन टू पाथ अशा अर्थाची. ती करायचीच. नाही केली तर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पायथन टाइप केल्यावर पायथन सापडत नाही म्हणून सांगतो किंवा थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडून बसतो, आणि माणसाला वाटतं आपल्याला प्रोग्रामिंग जमणार नाही. अहो सुरुवातच झाली नाही अजून! पाथ म्हणजे काय तर, तुम्ही एखाद्या प्रोग्रामचं नाव टाइप केलं की विंडोज ज्या ज्या फोल्डरात शोधतं त्यांची यादी, त्या यादीत पायथनचा पत्ता घालायची ती टिक. लॅपटॉप नसेल तर गूगल कोलॅब, म्हणजे गूगलची पायथन चालवायची साइट, ब्राउझरमध्ये चालतं, मोबाइलवर पण, फक्त मोबाइलच्या कीबोर्डवर कंस आणि कोट्स टाकताना जीव जातो.

अजून एक जागा जिथे अक्षरशः प्रत्येक जण अडकतो. पायथन नुसतं सुरू केलं की तीन बाणांसारख्या खुणा येतात आणि तो वाट बघत बसतो, तिथे एक ओळ टाकली की लगेच उत्तर. हे गप्पा मारायचं ठिकाण आहे, २ अधिक २ टाकून बघायला बेस्ट. पण तुमची स्क्रिप्ट ही फाइल असते, ती बाहेरून, काळ्या खिडकीतून, पायथन असं लिहून पुढे फाइलचं नाव देऊन चालवायची. भाची ते "पायथन वर्गणी डॉट पीवाय" त्या तीन बाणांपुढे टाकत होती आणि सिंटॅक्स एरर घेत होती. म्हणजे घरात शिरल्यावर घराची बेल वाजवण्यासारखं. तीन बाण दिसले की तुम्ही आत आहात, एक्झिट टाकून पुढे रिकामा कंस द्या, बाहेर या, मग फाइल चालवा.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. नवीन माणूस भाषेमुळे अडत नाही. फॉर, इफ, लिस्ट हे दोन आठवड्यांत कळतं. तो अडतो कारण लाल अक्षरं आली की तो घाबरून वाचतच नाही. भाचीने मला पहिल्या आठवड्यात अकरा स्क्रीनशॉट पाठवले, "मामा एरर आला" एवढंच खाली लिहून, आणि त्यातल्या नऊ स्क्रीनशॉटमध्ये काय चुकलंय ते पायथनने स्वतः लिहिलेलं होतं! मी फक्त तेच वाचून परत पाठवत होतो आणि ती म्हणायची तुला सगळं कसं येतं रे.

वाचायची पद्धत उलटी आहे. एरर आला की वरती ट्रेसबॅक असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि मग मोठी उतरंड. वरून वाचायला गेलात तर डोकं फिरतं. शेवटच्या ओळीवर जा. तिथे एररची जात असते, कोलन, आणि पुढे साध्या इंग्रजीत तक्रार. मग एक पायरी वर, तिथे ओळ नंबर. बास, सुरुवातीला एवढंच वाचा. नेम एरर म्हणजे तुम्ही असं नाव वापरलं जे मी कधी ऐकलंच नाही, बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं, आणि २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून तर तो विचारतो पण, तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का? टाइप एरर म्हणजे आकडा आणि अक्षर यांची सोयरीक जुळत नाहीये. व्हॅल्यू एरर म्हणजे प्रकार बरोबर आहे पण आतला माल गडबड आहे, जसं इंटला "पाचशे" हा शब्द दिला तर तो त्याचा आकडा कुठून करणार. 'की' (किल्ली) एरर म्हणजे तुम्ही मागितलेला कप्पा या डब्यात नाहीच. इंडेक्स एरर म्हणजे यादीत दहाच नावं आहेत आणि तुम्ही पंधरावं मागताय. आणि सिंटॅक्स एरर आला की एक लक्षात ठेवायचं, तो जी ओळ दाखवतो ती निर्दोष असू शकते, दोष वरच्या ओळीत असतो, कारण वरती उघडलेला कंस बंदच केलेला नसतो आणि पायथन बिचारा पुढे पुढे वाचत जातो आणि कुठेतरी खाली येऊन अडखळतो. दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर नजर एक ओळ वर.

सिंटॅक्स एररचं एक खास आपल्याकडचं कारण आहे. मी तिला एक ओळ व्हॉट्सॲपवर पाठवली, तिने ती कॉपी करून चिकटवली, आणि एरर आला इनव्हॅलिड कॅरॅक्टर. माझ्या फोनच्या कीबोर्डने साध्या सरळ कोट्सच्या जागी ते सुंदर वळणदार कोट्स घातले होते. वर्डमधून, पीडीएफमधून कॉपी केलं तरी असंच होतं. आपल्या डोळ्याला फरक दिसत नाही, पायथनला ते पूर्ण वेगळं चिन्ह आहे. म्हणून मी तेव्हापासून सांगतो, पहिले दोन महिने कॉपी-पेस्ट नको, हाताने टाइप कर, चुकेल, बोटांना सवय होईल. हल्ली एआयला विचारलं की तो पूर्ण कोड हातात देतो, माझा त्याला विरोध नाहीये, मी पण दिवसभर ऑफिसात वापरतो, पण शिकताना त्याला कोड मागू नका, तुमचा एरर द्या आणि म्हणा याचा अर्थ मराठीत सांग, दुरुस्ती मी करतो. फरक मोठा पडतो.

आता वर्गणीचा खरा लूप, म्हणजे यादीतल्या प्रत्येक रकमेसाठी तेच काम परत परत करणं. एका यादीत सगळ्या रकमा आहेत असं धरू:

रकमा = [५०१, २५१, १०१, ५०१]
एकूण = ०
फॉर रक्कम इन रकमा:
    एकूण = एकूण + रक्कम
प्रिंट(एकूण)

चौथ्या ओळीच्या आधी जी मोकळी जागा आहे ती शोभेला नाही. बाकीच्या बऱ्याच भाषांमध्ये महिरपी कंस लावून सांगतात की एवढा भाग लूपच्या आतला, पायथनमध्ये ते काम ही मोकळी जागाच करते. चार स्पेस द्यायची पद्धत आहे. भाचीने प्रिंटलाही चार स्पेस दिल्या होत्या, तर प्रत्येक पावतीनंतर एकेक बेरीज छापून आली, ५०१, ७५२, ८५३, १३५४. ती म्हणाली चुकलं. मी म्हणलं चुकलं नाही, उलट चांगलं झालं, आता तुला लूप आत काय करतो ते डोळ्याने दिसतंय. आणि हो, काही ओळींना टॅब आणि काहींना स्पेस असं मिसळलं तर तो टॅब एरर देतो, दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे एडिटरमध्ये टॅबऐवजी स्पेस टाकायची सेटिंग असते ती एकदा करून टाका आणि विसरा.

एकूण = एकूण + रक्कम ही ओळ बघून शाळेत गणित नीट शिकलेली माणसं हबकतात, कारण गणितात हे खोटं आहे, कुठलीच गोष्ट स्वतःपेक्षा जास्त कशी असेल. पण पायथनमधलं एक बरोबर म्हणजे "बरोबर आहे" असं नाही, तो हुकूम आहे: आधी उजवीकडचा हिशोब कर, जे येईल त्याला डावीकडचं नाव चिकटव. आहे का बरोबर, असं विचारायचं तर दोन बरोबर. इफमध्ये एकच टाकलंत तर एरर येतो, आणि नवीन आवृत्त्या सांगतात पण की बाबा दोन पाहिजेत का.

लूप कळत नसेल तर कॉम्प्युटर बंद करा. खरंच. कागदावर दोन रकाने आखा, एक रक्कम, एक एकूण, आणि तुम्हीच पायथन व्हा, एकेक ओळ वाचत रकान्यात आकडे खोडून नवीन लिहा. भाचीने पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर केलं हे, दहा मिनिटं लागली आणि परत लूपवर प्रश्न आला नाही.

यादीतला पहिला माल शून्य नंबरवर असतो याचा लोक फार बाऊ करतात. आपल्याकडे बिल्डिंगमध्ये काय असतं? तळमजला, मग पहिला मजला. तळमजला म्हणजे शून्य. चार माळे एकूण असतील, तळमजला धरून, तर सगळ्यात वरचा तिसरा. तसंच रकमा[०] म्हणजे तळमजल्यावरचे ५०१, आणि रकमा[४] मागितलात तर इंडेक्स एरर, तिथे गच्ची पण नाही. रेंज(१, ५) देतो १, २, ३, ४, तो पाचच्या दारापर्यंत जातो पण बेल वाजवत नाही.

हे सगळं झाल्यावर मग खरी फाइल आली. आमची वर्गणीची यादी एक्सेलमध्ये, नाव, इमारत, रक्कम असे रकाने, शहाऐंशी ओळी. पायथनला सगळ्यात सोपं पडतं ते सीएसव्ही, म्हणजे प्रत्येक ओळीत मधे स्वल्पविराम घालून लिहिलेली साधी मजकुराची फाइल. एक्सेलमधून सेव्ह ॲज करताना सीएसव्हीचे दोन-तीन प्रकार दिसतात आणि मराठी माणसाची पहिली ठेच इथेच लागते, कारण साधं सीएसव्ही निवडलं की सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन जातात. नुसतं दिसायला नाही, खरोखर जातात, परत येत नाहीत. यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) लिहिलेला प्रकार निवडायचा.

मग भाचीने स्क्रिप्टच्या फाइलला नाव दिलं सीएसव्ही डॉट पीवाय. कारण सीएसव्ही वाचणारी स्क्रिप्ट ना! आणि आत पहिली ओळ इम्पोर्ट सीएसव्ही. पायथनने इकडेतिकडे बघितलं, शेजारीच त्याच नावाची फाइल दिसली, पायथनसोबत येणारं खरं सीएसव्ही मॉड्यूल (तयार कोडची फाइल) सोडून त्याने तिचीच फाइल तिला आणून दिली. एरर आला की या मॉड्यूलमध्ये डिक्टरीडर (प्रत्येक ओळ रकान्यांच्या नावांनी वाचून देणारं साधन) नावाचं काही नाही. पूर्ण संध्याकाळ गेली यात. रँडम, मॅथ, स्ट्रिंग, सीएसव्ही ही नावं आपल्या फायलींना कधी देऊ नका, वर्गणी डॉट पीवाय ठेवा, गणपती डॉट पीवाय ठेवा, काहीही.

नाव बदललं, चालवलं, तर आता 'की' एरर: 'नाव'. म्हणजे नाव असा रकानाच नाही म्हणे. आणि फाइल उघडून बघितली तर पहिलाच रकाना नाव, ढळढळीत समोर. इथे मला पण मिनिटभर कळेना, मग म्हणलं अख्खी ओळ प्रिंट करून पाठव. तिने पाठवली आणि त्यात 'नाव' च्या आधी एक शेपूट दिसलं, बॅकस्लॅश, यू, आणि पुढे एफ ई एफ एफ. एक्सेल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करताना फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण टाकतं, ही फाइल यूटीएफ-८ आहे हे ओळखायला, तीन बाइटची. ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते, आणि मग "नाव" हे "नाव" राहत नाही. उपाय एका शब्दाचा आहे, ओपन करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून यूटीएफ-८ ऐवजी यूटीएफ-८-सिग लिहायचं, की ती खूण तो स्वतःच काढून टाकतो. आणि एन्कोडिंग काहीच लिहिलं नाही तर बऱ्याच विंडोज मशीनवर तो जुन्या इंग्रजी पद्धतीने वाचायला जातो आणि नावांचा चिवडा होतो, किंवा चारमॅप असा शब्द असलेला एरर येतो. हा चारमॅप दिसला की लगेच एन्कोडिंग बघायचं.

मराठी अक्षरांचं अजून एक, जाता जाता. लेन म्हणजे लांबी मोजणारा, तर लेन("मराठी") किती? आपण म्हणू तीन. पायथन म्हणतो पाच. म, र, काना, ठ, वेलांटी, असं तो मोजतो. "श्री" एक अक्षर, त्याच्या हिशोबाने चार. त्यामुळे नाव उलटं करून दाखवा असला व्यायाम मराठी नावावर करायला गेलात तर वेलांटी एकटीच पुढे येऊन उभी राहते. तो व्यायाम इंग्रजीतच करा.

एवढं सगळं पार पडून स्क्रिप्ट पुढे गेली तर व्हॅल्यू एरर. इंटला जमत नाही असा काहीतरी माल कुठल्यातरी ओळीत होता. आता भाचीला एव्हाना लाल अक्षरांचा कंटाळा आला होता, तिला कुठेतरी ट्राय-एक्सेप्ट सापडलं आणि तिने हे केलं:

ट्राय:
    एकूण = एकूण + इंट(ओळ["रक्कम"])
एक्सेप्ट:
    पास

म्हणजे प्रयत्न कर, नाही जमलं तर गप पुढे जा. आणि जादू झाली, एकही एरर नाही! स्वच्छ स्क्रीन, खाली एकूण ४६५९८. तिने मला पार्टी मागितली. मी वही उघडली, वहीत ४७८५०. बाराशे बावन्न रुपये गायब.

हे नुसतं एक्सेप्ट-पास जे आहे ना, ते मला अजिबात आवडत नाही. लाल अक्षरं म्हणजे दुखणं नाही, दुखतंय हे सांगणारी नस आहे, आणि आपण तीच कापून टाकली. त्यात हे असं की ते सगळ्याच जातीचे एरर गिळतं, तुम्ही ट्रायच्या आत एकूणचं स्पेलिंग चुकवलंत तर तो नेम एरर पण गिळणार आणि शेवटी शून्य छापून मोकळा होणार, तुम्ही बसा शोधत. खेळाच्या प्रोग्राममध्ये हे कधी कळलंच नसतं, वही होती म्हणून कळलं. तिला म्हणलं गिळायचंच असेल तर फक्त एका जातीचा एरर पकड, आणि ती ओळ छाप:

ट्राय:
    एकूण = एकूण + इंट(ओळ["रक्कम"])
एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
    प्रिंट("ही बघा:", ओळ)

चालवलं तर शहाऐंशीतल्या तीन ओळी छापून आल्या. एकात रक्कम होती "२५१/-", आपल्याकडे पैशापुढे ते तिरपी रेघ आणि आडवी रेघ मारायची सवय असते ना, तसं. दुसऱ्यात "१,००१", मधे स्वल्पविराम, इंटला तो चालत नाही. या दोन्हीला एकच औषध, इंट करायच्या आधी रिप्लेस लावून तिरपी-आडवी रेघ आणि स्वल्पविराम काढून टाकायचे:

मजकूर = ओळ["रक्कम"].रिप्लेस("/-", "").रिप्लेस(",", "")

आणि मग इंट(मजकूर). पुढेमागे मोकळी जागा राहिली असेल तर त्याची काळजी नाही, ती इंट स्वतः सोडून देतो. पण कुणी ५०१.०० असं लिहिलं असेल तर तिथे परत अडेल, त्याला आधी फ्लोट करावं लागतं. फ्लोट म्हणजे दशांशाचा आकडा, आणि त्यात पैशांचा हिशोब करू नका, ०.१ अधिक ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ येतं, कारण आत सगळं दोनच्या घातांत, म्हणजे अर्धा, पाव, अष्टमांश अशा तुकड्यांत, साठवलेलं असतं आणि एक दशांश त्यात नेमका बसतच नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशांशात बसत नाही. वर्गणीत रुपयाखालचे सुटे पैसे कुणी देत नाही म्हणून आमचं इंटवर भागलं.

२५१ आणि १००१ मिळून १२५२, परत चालवलं, ४७८५०. वहीशी टिच्चून जुळलं. रात्रीचे पावणेबारा, फोनवर दोघं ओरडलो, बहीण आतून म्हणाली झोपा आता.

तिसरी ओळ मात्र तशीच छापून येत राहिली. ती म्हणाली, "मामा, हिचं काय करू, रिप्लेस कशाने करू?" बघितलं तर रकमेच्या रकान्यात आमच्याच कुणीतरी कार्यकर्त्याने लिहून ठेवलं होतं, "नंतर देतो". म्हणलं राहू दे, त्याला पायथनमध्ये काही नाही, रविवारी जाऊन दार वाजवतो.